मलचाचणीच्या आधी दुर्बीण

केंद्र सरकारने 2016 साली लोकसंख्या-आधारित कर्करोग तपासणीची कार्यचौकट आखली, तेव्हा तिच्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग घेतले. मोठे आतडे आणि गुदाशय वगळले. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे या रोगाचे वयसापेक्ष प्रमाण बरेच कमी असल्याने तो निर्णय समर्थनीय होता, आणि बऱ्याच अंशी आजही आहे. तरीही ‘ग्लोबोकॅन’ या जागतिक कर्करोग-आकडेवारीच्या 2022 च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे 70 हजार नवे रुग्ण आढळतात. त्यामुळे तेलंगणातील आदिलाबादसारख्या सीमावर्ती जिल्ह्यातही साठीपुढच्या सर्वांची नियमित मलचाचणी करावी, अशी मागणी आज ना उद्या होईल. तिचा हेतू चांगला असेल; काळजी आहे ती क्रमाची.

तपासणीमागचे शास्त्र भक्कम आहे. आतड्याच्या अस्तरावरील ग्रंथिजन्य पॉलिपचे कर्करोगात रूपांतर व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात, आणि त्या अवधीत तो काढून टाकला तर रोग टळतो. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या मिनेसोटातील चाचणीत दरवर्षी मलातील गुप्त रक्त तपासल्याने तेरा वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू 33 टक्क्यांनी घटले. मात्र ही घट केवळ मलचाचणीने घडवली नव्हती. रक्त आढळलेल्यांसाठी कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे तपासण्याची, पॉलिप काढण्याची आणि शस्त्रक्रियेची सोय तिच्या पाठीशी होती.

ही सोय किती लागते, हे एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा, दहा हजार वृद्धांत वीस जणांना हा कर्करोग आहे, चाचणी त्यांतले पंधरा पकडते आणि निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांत चुकून रक्त दाखवते. मग सुमारे 515 जणांची कोलोनोस्कोपी करावी लागेल, आणि त्यांतल्या साधारण चौतिसांत एकालाच कर्करोग निघेल. काहींत पॉलिप सापडतील, हा लाभ खराच. पण मूळव्याधीचे रक्तही चाचणीत उतरते, आणि मूळव्याध आपल्याकडे काही दुर्मिळ नाही. शिवाय रोगाचे मूळ प्रमाण जितके कमी, तितका खोट्या इशाऱ्यांचा वाटा वाढत जातो.

दुसरी अडचण हवामानाची. आजची प्रतिकारशास्त्रीय मलचाचणी मानवी हिमोग्लोबिनमधील ग्लोबिन ओळखते, आणि ते उष्णतेने विघटित होते. इटलीत, फ्लॉरेन्सच्या परिसरातसुद्धा, उन्हाळ्यात रक्त आढळण्याचे प्रमाण घटल्याचे नोंदले गेले आहे. आदिलाबादेत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. उटनूरच्या पलीकडल्या पाड्यावरून नमुना दुपारच्या बसने आला, तर रोग असूनही ‘रक्त नाही’ असा अहवाल येऊ शकतो. आणि असा अहवाल हाती पडलेला माणूस पुढे खरोखर रक्त दिसले तरी निर्धास्त राहतो.

कोलोनोस्कोपीही निरुपद्रवी नाही. जुलाबाच्या औषधाने वृद्धांत पाणी व क्षार कमी होतात, क्वचित आतड्याला छिद्र पडते, पॉलिप काढताना रक्तस्राव होतो. म्हणूनच अमेरिकेच्या 2021 च्या शिफारशीत सरसकट तपासणीची मर्यादा 75 वर्षे आहे. पुढे 85 पर्यंत व्यक्तीनुसार निर्णय आणि त्यानंतर तपासणी नाही. खासगी ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये मात्र मर्यादेचा विचार अभावानेच दिसतो. त्यात सीईए ही रक्तचाचणीही जोडलेली असते. उपचारानंतरच्या पाठपुराव्याला ती उपयोगी असली, तरी निरोगी माणसात रोग हुडकण्यासाठी ती पुरेशी विश्वसनीय नाही.

या सगळ्याच्या आधीची गळती वेगळीच आहे. शौचावाटे रक्त जाणारा साठीतला शेतकरी अनेकदा स्वतःच मूळव्याधीचे निदान करतो, औषधाच्या दुकानातून मलम आणतो, आणि बोटाने गुदपरीक्षाही न होता महिने जातात. हा रुग्ण तपासणी मोहिमेतला नव्हे, लक्षणे असलेला आहे. त्याच्यात रोग सापडण्याची शक्यता लक्षणविरहित माणसापेक्षा कितीतरी अधिक असते. उपलब्ध दुर्बिणीवर पहिला हक्क त्याचा. सरसकट मोहिमेतल्या शेकडो खोट्या इशाऱ्यांनी तीच रांग भरली, तर त्याचेच निदान लांबेल.

म्हणून आदिलाबादच्या रिम्स या सरकारी रुग्णालयात महिन्याला किती कोलोनोस्कोपी होऊ शकतात, पेशीनिदानाचा अहवाल किती दिवसांत मिळतो आणि तिथून सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या हैदराबादच्या एमएनजे कर्करोग रुग्णालयापर्यंत रुग्ण कधी पोचतो, हे तीन आकडे आधी जाहीर व्हावेत. ते हाती येईपर्यंत जिल्ह्यात सरसकट मलचाचणी सुरू करू नये. आणि पन्नाशीपुढे शौचावाटे रक्त, नवा बद्धकोष्ठ किंवा कारण न सापडणारा रक्तक्षय असलेल्या कोणालाही दुर्बीण तपासणीवाचून मूळव्याधीच्या औषधावर ठेवू नये.