आरोग्य कामगाराचे, की कामाचे?

कामाच्या ठिकाणचे वातावरण माणसाला आजारी पाडते, ही गोष्ट आता मालकवर्गही उघडपणे नाकारीत नाही. मतभेद आहे तो उपायाविषयी. मोठ्या कंपन्यांनी 'वेलनेस' या नावाने एक नवे खातेच उघडले आहे. त्यात योगवर्ग असतात, ध्यानधारणेची शिबिरे असतात, समुपदेशकाचा दूरध्वनी क्रमांक असतो, रोज किती पावले चाललो याच्या स्पर्धा असतात. सरकारही मागे नाही. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये कचेरीत बसल्या जागी करावयाच्या पाच मिनिटांच्या योगाचा 'वाय-ब्रेक' नावाचा कार्यक्रम सुरू केला. योगाशी आमचे वैर नाही. परंतु या साऱ्या उपायांमागे एक गृहीत आहे : काम जसे आहे तसेच राहील, बदलायचे ते काम करणाऱ्याने. हे गृहीत तपासून पाहणे आवश्यक आहे.

हा प्रश्न पुण्या-मुंबईचा, आपल्याकडे त्याचे काय, असे काही साथींना वाटेल. जिंतूर हे रेल्वे नसलेले तालुक्याचे गाव. येथे काचेच्या इमारती नाहीत. पण येथे एसटीचे आगार आहे, बाजारपेठेत कापडाची दुकाने आहेत, आडत आहे, बँका आणि पतसंस्था आहेत, आशासेविका आणि अंगणवाडीताई आहेत. कामाच्या जाचाने शरीर झिजते ते येथेही. फरक इतकाच की येथे त्या झिजेला 'तणाव' असे सुशिक्षित नाव कोणी देत नाही. येथे त्याला 'बीपी' म्हणतात, आणि एके दिवशी परभणीला न्यावे लागते.

प्रथम उपायांचा हिशेब पाहू. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने आपल्या सुमारे पाच हजार नोकरदारांवर एक प्रयोग केला. कोणाला वेलनेस कार्यक्रम मिळावा आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरविले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की औषधोपचाराच्या खर्चात किंवा गैरहजेरीत काहीही लक्षणीय फरक पडला नाही. जे उत्साहाने सामील झाले ते मुळातच अधिक निरोगी होते. ब्रिटनमध्ये २३३ संस्थांतील ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासणारा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ध्यान, लवचिकतेचे प्रशिक्षण, झोपेचे मार्गदर्शन यांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यालाही म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

मग आजार येतो कोठून? लंडनच्या सरकारी नोकरांचा 'व्हाइटहॉल' या नावाने प्रसिद्ध असलेला अभ्यास येथे उपयोगी पडतो. त्याचा दुसरा टप्पा १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्यात दहा हजारांवर कर्मचारी होते. यांतील कोणी उपाशी नव्हता, सर्वांना मोफत सरकारी वैद्यकीय सेवा होती. तरीही अधिकाराच्या उतरंडीवर जो जितका खाली, त्याला हृदयविकाराचा धोका तितका अधिक, असे दिसले. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे एक महत्त्वाचे कारण दाखवून दिले : आपल्या कामावर आपला ताबा नसणे. कोणते काम केव्हा, किती वेगाने आणि कोणत्या पद्धतीने करावे, यात ज्याचा शब्द चालत नाही त्याचे हृदय अधिक लवकर थकते. हुकूम झेलणे हाही एक रोगकारक घटक आहे, असे शास्त्र सांगते. त्यावर प्राणायाम हा उतारा कसा पुरणार?

दुसरे कारण कामाचे तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्त अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास वा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. अशा दीर्घ तासांमुळे २०१६ या एका वर्षात जगभर ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. आपल्या केंद्र सरकारच्या ३१ जानेवारी २०२५ च्या आर्थिक पाहणीनेही आठवड्याला साठ तासांपलीकडचे काम प्रकृतीला घातक असल्याच्या अभ्यासांची दखल घेतली. त्याच महिन्यात एका मोठ्या अभियांत्रिकी कंपनीच्या अध्यक्षांचे नव्वद तासांच्या आठवड्याचे उद्गार गाजले होते. आणि पुढे काय झाले? ३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर, दुकाने व आस्थापनांतील नऊवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कारखान्यात पाच तासांनंतर मिळणारी विश्रांती सहा तासांनंतर, आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांऐवजी १४४ तास. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि जादा कामास कामगाराची लेखी संमती लागेल, असे समर्थन केले गेले. ज्याच्या नोकरीची शाश्वती नाही त्याच्या संमतीला बाजारात काय किंमत असते, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात पाहण्याची गरज नाही. ते कोणत्याही कंत्राटी कामगाराला विचारावे.

आता हीच कसोटी आपल्या दाराशी लावू. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला. सर्वसाधारणपणे दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास काम, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि रात्री जेथे मुक्काम करावा लागतो तेथे विश्रांतिगृह किंवा योग्य पर्यायी सोय, हे त्यात नमूद होते. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत विलीन झाला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कागदावर १९६१ पासून मान्य असलेली ही गोष्ट, आणि खेड्यात रात्री थांबणारी मुक्कामी गाडी, यांची सांगड घालून पाहा. चालक-वाहकाने रात्री गाडीतच किंवा देवळाच्या ओसरीवर पथारी टाकावी आणि पहाटे पुन्हा स्टिअरिंग धरावे, हे ग्रामीण महाराष्ट्राने इतके पाहिले आहे की त्यात काही गैर आहे असेही कोणाला वाटत नाही. त्या चालकाच्या डोळ्यांवरील झोप ही मागे बसलेल्या पन्नास उतारूंच्या जिवाचा प्रश्न आहे. महिला वाहकाला दिवसभरात स्वच्छ शौचालय किती ठिकाणी मिळते? शौचालय नाही म्हणून ती पाणीच कमी पिते. तिला पाणी पिण्याचे महत्त्व सांगणारे व्याख्यान ठेवणे ही तिची थट्टा ठरेल.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेला एसटी कामगारांचा संप आपण पाहिला. विलीनीकरण ही त्याची घोषणा होती. त्या काळात अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. थकलेला पगार, कर्ज आणि अनिश्चितता यांनी खचलेल्या माणसांचा तो आक्रोश होता. त्यांच्यापैकी कोणाला मनःशांतीचे धडे हवे होते असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

बाजारपेठेकडे वळू. कापडाच्या दुकानातील नोकर किंवा विक्रेती मुलगी सणासुदीला सकाळपासून रात्रीपर्यंत उभी असते. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याने २०१७ मध्ये दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापना बहुतांश तरतुदींतून वगळल्या, आणि २०२५ च्या बदलाने ती रेषा वीस कामगारांवर नेली. म्हणजे तालुक्याच्या गावातील जवळजवळ सारी बाजारपेठच तासांच्या आणि सुट्टीच्या त्या संरक्षणाबाहेर गेली. याउलट केरळात कापड दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये तेथील कायद्यात दुरुस्ती होऊन दुकानात बसण्याची सोय बंधनकारक झाली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसेच केले. मागणी होती एका स्टुलाची! स्टुलाची किंमत योगशिक्षकाच्या मानधनापेक्षा पुष्कळ कमी आहे. तरीही ते सहजासहजी मिळत नाही, कारण स्टूल देणे म्हणजे नोकरालाही पाय आहेत आणि ते दुखतात, हे मान्य करणे होय. वेलनेसचा मालकाला ओढा का, याचे उत्तर येथे आहे. पैसे त्यात जातात, पण अधिकार सोडावा लागत नाही.

महाराष्ट्राच्या कामगार चळवळीला हे भान आरंभापासून होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, वेळेवर पगार, जखमी कामगाराला बरे होईपर्यंत पूर्ण वेतन आणि कायमचा जायबंदी झाल्यास चरितार्थाची व्यवस्था, अशा त्या मागण्या होत्या. यात आरोग्य हा शब्द शोधावा लागतो, पण प्रत्येक मागणी आरोग्याची आहे. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा या देशातील पहिला खरा वेलनेस कार्यक्रम आणि तो कामगारांनी मागून मिळविला.

परंतु पुढच्या काळात युनियनांनी ही परंपरा पुरती सांभाळली, असे म्हणता येणार नाही. धूळ आहे तर धूळभत्ता द्या, रात्रपाळी आहे तर रात्रभत्ता द्या, तास वाढवा पण दुप्पट दर द्या, अशी सवय चळवळीला लागली. मूळ वेतन अपुरे असल्यामुळे कामगारही ओव्हरटाइमची वाट पाहतो, हे खरे आहे आणि त्याचा दोष त्याला देता येणार नाही. तरीही हिशेब स्पष्ट मांडला पाहिजे. चार माणसांचे काम तीन माणसांकडून करून घेतल्याने चौथ्याचा पगार मालकाच्या किंवा महामंडळाच्या ताळेबंदात वाचतो. त्या तिघांपैकी एकाला झटका आला तर तो खर्च मात्र घरच्यांच्या दागिन्यांतून आणि सरकारी रुग्णालयाच्या खाटेवरून वसूल होतो. नफा एकाच्या वहीत, तोटा दुसऱ्याच्या देहात, असा हा व्यवहार आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? आरोग्य शिबिराला विरोध करू नये, उलट ते मागून घ्यावे. पण तपासणीचे निष्कर्ष कामगाराच्याच हाती राहतील, नोकरीवरून काढण्यासाठी वापरले जाणार नाहीत, ही अट घालावी. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी आस्थापनेतील कर्मचाऱ्याला कमी करता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, असे दिव्यांग हक्क कायदा २०१६ सांगतो. हे माहीत नसल्यामुळे नजर अधू झालेला चालक आपला आजार लपवितो. हे कलम प्रत्येक आगारात, प्रत्येक कचेरीत समजावून सांगावे. कामगिरीचा तक्ता आधी लागावा आणि तो ठरविताना कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी हजर असावा. प्रत्यक्ष कामाच्या तासांची नोंद कामगाराने स्वतःही ठेवावी. रिक्त जागा भरणे ही आरोग्याची मागणी म्हणून मांडावी. बाजारपेठेत व्यापाऱ्यांशी बोलून बसायला स्टूल, प्यायला पाणी, शौचालय आणि आठवड्याची एक सुट्टी एवढ्या चार गोष्टींचा करार करावा. यांतील कोणतीही गोष्ट क्रांतीची वाट पाहत नाही.

एवढे झाल्यावर ज्याला पहाटे सूर्यनमस्कार घालायचे असतील त्याने खुशाल घालावेत. त्यासाठी रात्रीची झोप पुरी झालेली असली पाहिजे, आणि ती मिळवून देणे हे संघटनेचे काम आहे.