ग्रिप शिल्लक आहे. पकड आहे काय?

धुळ्याच्या एका गृहस्थांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचे चिरंजीव वाळूजच्या एका कारखान्यांत नोकरीस असून महिन्यांतून एकदां मोटारसायकलीवरून घरीं येतात. गेल्या वर्षापासून सूनबाईही मागें बसून येऊं लागल्या आहेत. मागील चाकाचा टायर आतां बदलावयाचा आहे. वडिलांचें म्हणणें असें कीं, जो वीस हजार किलोमीटर चालेल तोच घ्यावा. चिरंजीवांचें म्हणणें, किती चालेल तें मागाहून पाहूं, आधीं रस्ता धरून ठेवणारा घ्यावा. दोघेही हट्टास पेटले असल्यामुळें निवाडा आम्हीं करावा, अशी पत्रलेखकांची विनंति आहे. बापलेकांच्या वादांत पडूं नये हा आमचा शिरस्ता. परंतु हा प्रश्न खानदेशांतील पुष्कळ घरांत आज उभा असेल आणि त्यांत दोन जिवांची सुरक्षितता गुंतलेली आहे, म्हणून तो शिरस्ता या महिन्यापुरता बाजूस ठेवतों.

वादाचें मूळ, आमच्या मतें, एका शब्दांत आहे. जळगांवांत काय किंवा धुळ्यांत काय, टायरवाल्याच्या दुकानीं गेलें असतां तो नक्षीवरून अंगठा फिरवतो आणि ‘अजून ग्रिप आहे, साहेब’ असें सांगतो. ‘ग्रिप’ हा इंग्रजी शब्द आपल्याकडे असा खांचांच्या खोलीस चिकटला आहे. त्याचा मूळ अर्थ पकड. आणि खांच व पकड या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. खांचांचें मुख्य काम रस्त्यावरील पाणी बाजूस सारणें हें होय. कोरड्या डांबरावर त्यांचा उपयोग जवळजवळ नाहीं. शर्यतीच्या मोटारसायकलींस कोरड्या दिवशीं जे टायर लावतात त्यांस मुळीं खांचाच नसतात, आणि तरीही त्या गाड्या वळणावर स्वाराचा गुडघा जमिनीस टेकेपर्यंत कलतात. रस्ता धरतें तें रबर. तेव्हां सर्व खांचा शाबूत असलेला टायर पकडीच्या दृष्टीनें मेलेला असूं शकतो, ही गोष्ट वडिलांनीं प्रथम ध्यानांत घ्यावी. चिरंजीवांनीं काय ध्यानांत घ्यावें तें पुढें येईलच.

रबर रस्ता धरतें तें दोन प्रकारांनीं. एक तर तें डांबराच्या पृष्ठभागास क्षणभर चिकटतें. दुसरें, खडीच्या टोकांभोंवतीं दबून तें त्यांचा आकार घेतें आणि मग सावकाश पूर्ववत् होतें. हें ‘सावकाश’ महत्त्वाचें. चेंडूसारखें चटकन् उसळणारें रबर खडीवरून निसटतें. मळलेल्या कणकेसारखें जरा आळशी रबर तिला धरून राहतें. परंतु तो आळस फुकट मिळत नाहीं. दबण्यांत आणि पूर्ववत् होण्यांत शक्ति उष्णतेच्या रूपानें खर्च होते, आणि मऊ रबर खडीवर लवकर झिजतें. पकड आणि आयुष्य यांचें वैर आहे तें येथें. दोन माणसें, सामान आणि दीड-पावणेदोनशें किलोंची गाडी हा सारा भार दोन तळहातांएवढ्या जागेवर तोललेला असतो, हें मनाशीं आणलें म्हणजे या वैराचा निकाल नुसत्या किंमतीवर कां सोडूं नये तें कळतें.

हें वैर मिटविण्याचे प्रयत्न शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरानें १८८८ सालीं आपल्या मुलाच्या तीनचाकीस हवेचा टायर बसविला, त्या काळीं टायरचें रबर फिकट रंगाचें असे व तें भराभर झिजे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत त्यांत काजळी मिसळूं लागले, तेव्हां टायर काळा झाला आणि त्याचें आयुष्य कितीतरी वाढलें. १९९० नंतर काजळीच्या जोडीस सिलिका, म्हणजे वाळूचेंच अत्यंत सूक्ष्म रूप, आली. तिच्यामुळें ओल्या रस्त्यावरील पकड सुधारली व चाक फिरविण्यास लागणारी शक्तिही वांचली. तिसरी युक्ति सर्वांत सोपी. टायरच्या मध्यभागीं कठीण रबर घालावयाचें आणि दोन्ही कडांस मऊ. फ्रान्सच्या मिशलॅन कंपनीनें २००५ च्या सुमारास ती शर्यतींतून साध्या रस्त्यावरच्या टायरांत आणली, आणि पुढें इतरांनींही उचलली.

ही तिसरी युक्ति खानदेशासाठींच निघाली असावी असें आम्हांस कधीं कधीं वाटतें. धुळ्याहून पारोळा, एरंडोलवरून जळगांवास आणि पुढें भुसावळकडे जाणारा महामार्ग, ज्यास आज ५३ क्रमांक असला तरी जुनीं माणसें अद्याप ‘सहा नंबर’ म्हणतात, तो तापीच्या खोऱ्याच्या सपाटींतून सरळ धांवतो. अशा रस्त्यावर टायर झिजतो तो केवळ मध्यें, हातभर लांबीच्या रंद्यानें तासावा तसा. कडा नव्या कोऱ्या राहतात आणि गोल टायर चपटा होतो. मग हाच चपटा टायर घेऊन माणूस घाटांत शिरतो. धुळेंकरांस चाळीसगांव सोडल्यावर कन्नडचा घाट, जो इंग्रजी अमदानीपासून औट्रम घाट म्हणून ओळखला जातो, जळगांवकरांस अजिंठ्याचा, सुरतेकडे जाणाऱ्यांस कोंडाईबारीचा, इंदूरकडे जाणाऱ्यांस पळासनेरपुढचा बिजासनचा. चपट्या टायरवर गाडी कलती केली असतां ती हळू हळू कलत नाहीं. चपट्या भागाच्या कांठापर्यंत अडून राहते आणि मग एकदम कलंडते. मागें बसलेल्या माणसास तो हिसका विशेष जाणवतो. सूनबाईंस विचारून पाहावें.

यावरून चिरंजीवांची चूक कोठें आहे तें दिसेल. पकड पाहिजे म्हणून त्यांनीं सबंध मऊ रबराचा, शर्यतीच्या धर्तीचा टायर आणला, तर सरळ रस्त्यावर त्याचा मध्यभाग एका उन्हाळ्यांत चपटा होईल, आणि ज्या घाटासाठीं तो घेतला त्याच घाटांत तो दगा देईल. शिवाय तसल्या रबरास भरपूर तापल्याखेरीज आपली खरी पकड दाखवितां येत नाहीं. श्रावणांतल्या भिजल्या सकाळीं तो टायर थंडच राहतो. लांबच्या प्रवासासाठीं म्हणून जे टायर निघतात त्यांचें रबर थंड आणि ओल्या रस्त्यावरही काम देईल असें केलेलें असतें. तेव्हां आपल्या गाडीच्या मापांत मध्यें कठीण व कडेस मऊ असा प्रवासी टायर मिळत असेल तर तोच घ्यावा. लहान मापांत तो मिळेलच असें नाहीं. न मिळाल्यास सिलिकायुक्त रबराचा, ओल्या रस्त्यासाठीं चांगला म्हणून ख्याति असलेला मध्यम प्रतीचा टायर घ्यावा, आणि तो पंधरा हजार किलोमीटरांपूर्वींच संपला तर हळहळूं नये.

आतां वडिलांकडे वळतों. वीस हजार किलोमीटरांचा हिशेब जेथें चुकतो ती गोष्ट खानदेशचें ऊन. मे महिन्यांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपलीकडे जाणें हें नवल नव्हे, आणि त्या दिवसांत दुपारचें डांबर साठ अंशांपर्यंत तापतें. उष्णता, हवेंतील प्राणवायु आणि ओझोन यांमुळें रबर दिवसेंदिवस कठीण होत जातें, मग गाडी चालो वा न चालो. किंबहुना न चालणाऱ्या गाडीचें अधिक वाईट. रबरांत संरक्षणासाठीं मेण घातलेलें असतें. टायर फिरतांना दबतो तेव्हां तें पृष्ठभागावर येतें. अंगणांत महिनोन्‌महिने उन्हांत उभ्या असलेल्या गाडीच्या टायरास हें मेण लाभत नाहीं, आणि बाजूस केसासारख्या बारीक चिरा दिसूं लागतात. जो टायर वीस हजार किलोमीटर पुरविण्यास सहा वर्षें लागतील, त्याचीं शेवटचीं दोन वर्षें नांवालाच टायराचीं असतात. खांचा आहेत, ‘ग्रिप’ आहे. पकड केव्हांच गेली. महिन्यास एकच फेरी करणाऱ्याच्या बाबतींत तर हें हमखास घडतें.

म्हणून टायर विकत घेतांना त्याची जन्मतिथि पाहावी. बाजूस लंबवर्तुळांत चार आंकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘१८२५’ असें असल्यास तो टायर २०२५ सालच्या अठराव्या आठवड्यांत तयार झाला. पत्र्याच्या दुकानांत दोन उन्हाळे काढलेला टायर दुकानदार सवलतीनें देऊं करील. तो घेऊं नये. मिशलॅन कंपनी पांच वर्षांनंतर दर वर्षीं टायर जाणत्याकडून तपासून घेण्यास सांगते व दहा वर्षांनंतर तो कसाही दिसो, बदलण्यास सांगते. आमच्या मतें खानदेशांत उन्हांत राहणाऱ्या मोटारसायकलीस पांच वर्षें हीच शेवटची मुदत मानावी. झिजेविषयीं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीसाठीं खांचांची खोली ०.८ मिलिमीटरच्या खालीं जाऊं नये असें सांगितलें आहे. ती कायद्याची हद्द झाली, शहाणपणाची नव्हे. दोन मिलिमीटर उरल्या आणि मृग जवळ आला कीं टायर बदलावा.

मृगाचा उल्लेख सहज केलेला नाहीं. आठ महिने रस्त्यावर साचलेलें तेल, रबराचा चुरा आणि धूळ पहिल्या सरींनीं वर येऊन जो राप तयार होतो, त्याएवढें निसरडें पुढच्या मुसळधार पावसांतही नसतें. त्यांत आपली काळी जमीन. शेतांतून रस्त्यावर चढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेला तिचा चिखल डांबरावर लोण्यासारखा पसरतो. त्यावर जगांतला कोणताही प्रवासी टायर उभा राहत नाहीं. तेथें वेग कमी करणें एवढाच उपाय. कन्नड घाटांत २०२१ च्या ऑगस्टअखेरीस अतिवृष्टीनें दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. एवढा अनर्थ दर वर्षीं होत नसला तरी पावसाळ्यांत कडेनें वाहून येणारी माती तेथें नित्याचीच. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी. वरील नव्या गाड्यांस एबीएस सक्तीचें झालें आहे आणि त्यामुळें तरुण मंडळी निर्धास्त असतात. एबीएस चाक अडकूं देत नाहीं, हें खरें. रबरांत नसलेली पकड तें कोठून आणणार?

पैशाचा हिशेबही करून पाहूं. समजा, एक टायर चार हजार रुपयांचा असून वीस हजार किलोमीटर चालतो. दुसरा पांच हजारांचा असून साडेबारा हजार चालतो. पहिल्याचा खर्च किलोमीटरास वीस पैसे, दुसऱ्याचा चाळीस. धुळ्याहून संभाजीनगरास जाऊन येणें सुमारें तीनशें किलोमीटर. म्हणजे फेरीमागें साठ रुपयांचा फरक. तेवढ्याच फेरींत आठ-नऊ लिटर पेट्रोल जळतें, त्याविषयीं घरांत कोणी अवाक्षर काढीत नाहीं. काटकसर हा गुण आम्हांस प्रिय आहे. परंतु महिन्याच्या साठ रुपयांसाठीं तो येथें खर्चूं नये.

काटकसर करावयाचीच असेल तर ती हवेंत करावी, कारण कमी हवेनें जितके टायर अकालीं मरतात तितके कशानेंही मरत नसतील. आपल्याकडे उन्हाळ्यांत ‘टायर फुटेल’ या भीतीनें दोन-चार पौंड हवा कमी ठेवण्याची चाल आहे. ती अगदीं उलटी. हवा कमी कीं टायर अधिक दबतो, अधिक दबला कीं अधिक तापतो, आणि फुटतो तो त्या तापण्यानें. थंड टायरांत तीस पौंड भरलेली हवा दुपारच्या धांवेंत चार-पांच पौंडांनीं वाढते, हें गृहीत धरूनच कंपनीनें आंकडा दिलेला असतो. तापलेल्या टायरांतून ती वाढ कधींही काढूं नये. सकाळीं, गाडी हलण्यापूर्वीं, गाडीच्या पुस्तकांत लिहिल्याप्रमाणें मोजावी. मागें माणूस व सामान असल्यास पुस्तकांत त्यासाठीं निराळा आंकडा असतो, तोच भरावा. खिशांत मावणारें हवेचें मीटर घरांत असणें तापमापकाइतकेंच आवश्यक आहे.

पत्रांत मागील टायराचीच चर्चा आहे. मागचा लवकर झिजतो म्हणून त्याचीच आठवण होते. पण गाडी थांबविण्याचें व वळविण्याचें बहुतेक काम पुढचें चाक करतें. मागचा एकदां बदलून झाला असेल व पुढचा गाडीबरोबर आलेलाच असेल, तर आतां दोन्ही एकदम आणि एकाच जातीचे बदलावेत. तोरणमाळ किंवा सातपुड्यांतील कच्च्या वाटांची हौस असणारांस जाड ठोकळ्यांचे टायर मोहांत पाडतात. वर्षांतून दोन दिवसांच्या मातीसाठीं बाकीचे दिवस डांबरावर ते ठोकळे झिजवीत आणि घोंघावत जाणें आम्हांस तरी पटत नाहीं.

नवा टायर बसविल्यावर त्याच संध्याकाळीं सूनबाईंस मागें बसवून घाट चढूं नये. सांच्यांतून निघालेल्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो व पहिले दीडशें किलोमीटर तो रस्ता नीट धरीत नाहीं. तेवढा वेळ एकट्यानें, कोरड्या रस्त्यावर, जोराचा ब्रेक न लावतां आणि गाडी हळू हळू थोडी थोडी अधिक कलती करीत चालवावी. धुळ्याहून जळगांवास जाऊन परत आलें म्हणजे तें काम होतें.