बारीक मनगटाचं घड्याळ
दुकानदार डबीचा व्यास सांगतो, ३८ की ४२ मिलिमीटर. बारीक मनगटाच्या माणसाला त्यानं अर्धंच कळतं. पट्टा अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत मोजा. ही टोकं मनगटाबाहेर गेली, की घड्याळ थोरल्या भावाचं वाटतं. सहा इंची मनगटाला हे अंतर साधारण ४५ मिलिमीटरच्या आत बरं. वजनाचं दुखणं वेगळं: साखळी सैल असली की जड डबी दिवसभर घरंगळत राहते. टायटॅनियम स्टीलपेक्षा बरंच हलकं, पण महाग. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू जेमतेम २१ ग्रॅमचं, आणि स्वस्त. लहान आकाराची लाजही नको: एचएमटीची ‘जनता’ जेमतेम ३५ मिलिमीटरची, तरी बाप्यांनी ती ऐटीत मिरवली. तेव्हा काउंटरवरची ‘लेडीज-जेंट्स’ पाटी विसरा आणि घड्याळ हातात चढवून, मनगट हलवून मगच पैसे द्या.