विश्लेषण : हॉकी कर्णधार परगट सिंग राजकारणात टिकले, पण खेळाच्या किल्ल्या हाती आल्या का?

ऑगस्ट २०१० मध्ये भारतीय हॉकीच्या एका माजी कर्णधाराने ‘हॉकी इंडिया’च्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. समोर होत्या हिमाचल प्रदेश काँग्रेसच्या ज्येष्ठ नेत्या विद्या स्टोक्स. निकाल लागला ४१ विरुद्ध २१ आणि कर्णधार हरला. दीड वर्षाने तोच कर्णधार पंजाब विधानसभेत आमदार म्हणून बसला होता. परगट सिंग यांच्याबद्दल ‘आणखी एक खेळाडू राजकारणात गेला’ असे एका ओळीत बोलले जाते. हा क्रम पाहिला तर मात्र वेगळाच प्रश्न पडतो. खेळाचे निर्णय राजकारणीच घेणार असतील, तर खेळाडूने स्वतः राजकारणी होऊन तरी काही साधते का?

मैदानावरची ओळख काय?

जन्म १९६५ चा, जालंधरजवळच्या मिठापूरचा. टोक्योत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार मनप्रीत सिंगही याच गावचा. परगट सिंग फुलबॅक, म्हणजे बचावफळीतले. पण चेंडू घेऊन थेट पुढे घुसणारे. १९८५ च्या पर्थ येथील चॅम्पियन्स करंडकात पश्चिम जर्मनीविरुद्ध भारत १-५ असा मागे होता आणि सामना ५-५ असा सुटला, ही आठवण जुने हॉकीप्रेमी अजून सांगतात. १९९२ च्या बार्सिलोना आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्यांनी भारताचे नेतृत्व केले. अटलांटात उद्घाटनाच्या संचलनात तिरंगाही त्यांच्याच हाती होता. पुढे पद्मश्री मिळाली. मात्र त्यांच्या काळात भारताला ऑलिम्पिकमध्ये हॉकीचे पदक मिळाले नाही, हेही खरे.

संचालकपद महत्त्वाचे का ठरले?

पंजाब पोलिसांत अधिकारी असलेले परगट सिंग पुढे राज्याचे क्रीडा संचालक झाले आणि २०१२ ची निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा देईपर्यंत अनेक वर्षे त्या पदावर राहिले. महाराष्ट्रात क्रीडा आयुक्तपदी बहुधा प्रशासकीय सेवेतील अधिकारी असतो. दोन-तीन वर्षांत बदली होते आणि नव्याला पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. पंजाबात ही खुर्ची ऑलिम्पिकपटूकडे होती. २०१० पासून पंजाब सरकारने भरवलेल्या कबड्डी विश्वचषकाच्या आयोजनाची मोठी जबाबदारी याच खात्यावर होती. २०११ च्या स्पर्धेत उत्तेजकांच्या चाचण्या झाल्या आणि अनेक खेळाडू दोषी आढळले. सरकारच्या लाडक्या स्पर्धेला यामुळे गालबोट लागले हे उघड आहे. पण गावोगावच्या कबड्डीत औषधे किती खोलवर पोहोचली आहेत, हे त्यामुळेच चव्हाट्यावर आले.

संचालक फाइल पुढे सरकवू शकतो, पैसे मंजूर करू शकत नाही. त्यामुळे मंत्रालयात जायचे तर आधी आमदार व्हावे लागते, हे गणित त्यांनी मांडले असल्यास नवल नाही. सुखबीरसिंग बादल यांनी त्यांना अकाली दलात आणले आणि जालंधर कॅन्टोन्मेंटमधून ते सुमारे ६,८०० मतांनी निवडून आले.

मिळत असलेले पद नाकारले का?

निवडून आले, पण मंत्रिपद मिळाले नाही. एप्रिल २०१६ मध्ये निवडणूक जवळ आल्यावर पक्षाने त्यांना मुख्य संसदीय सचिवपद देऊ केले. शपथविधीची तयारी झाली होती, तरीही त्यांनी नकार दिला.

हे पद म्हणजे काय, ते समजून घेतल्याशिवाय हा नकार कळत नाही. ९१व्या घटनादुरुस्तीने राज्य मंत्रिमंडळाचा आकार विधानसभेच्या १५ टक्क्यांवर आणला. ११७ आमदारांच्या पंजाबात त्यामुळे जेमतेम १७-१८ मंत्री होऊ शकतात. उरलेल्या नाराजांसाठी काढलेली पळवाट म्हणजे मुख्य संसदीय सचिवपद : दिवा, बंगला, कर्मचारी, निर्णयाचा अधिकार मात्र जवळपास नाहीच. ऑगस्ट २०१६ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने अशा १८ नेमणुका रद्दच केल्या. परगट सिंग यांचा आक्षेप साधा होता. मतदारसंघातील जमशेर येथील घनकचरा प्रकल्पाचा त्यांनी घेतलेला विषय सुटत नसेल, तर शोभेचे पद घेऊन काय करायचे?

त्यांच्या राजकीय आयुष्यातला हा सर्वांत स्वच्छ निर्णय म्हणावा लागेल. किंमतही मोजावी लागली : जुलैमध्ये पक्षातून निलंबन. त्यानंतर नवज्योतसिंग सिद्धू यांच्यासह ‘आवाज-ए-पंजाब’ ही आघाडी आणि नोव्हेंबरमध्ये काँग्रेस. वर्षभरात तीन झेंडे झाले आणि यातल्या तिसऱ्याचा खुलासा तत्त्वाच्या भाषेत करणे अवघडच.

साडेतीन महिन्यांत काय हाती लागले?

२०१७ मध्ये ते २९ हजारांहून अधिक मतांनी जिंकले, सरकारही स्वतःच्या पक्षाचे आले. तरी साडेचार वर्षे ते मागच्या बाकांवरच. मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांच्यावर ते जाहीर टीका करत राहिले. २०२१ मध्ये तर मुख्यमंत्र्यांच्या राजकीय सचिवाने धमकावल्याचा आरोपही त्यांनी केला. कर्णधाराची सवय असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या संघात गप्प बसणे जमले नाही, हा त्यांचा गुण की दोष, यावर पंजाबात दोन्ही बाजूंनी बोलणारे भेटतात.

अमरिंदर गेले, चरणजितसिंग चन्नी आले आणि २६ सप्टेंबर २०२१ रोजी परगट सिंग अखेर मंत्री झाले. शालेय शिक्षण, उच्च शिक्षण, क्रीडा व युवक कल्याण आणि अनिवासी भारतीय, अशी खाती एकाच माणसाकडे. ८ जानेवारी २०२२ रोजी आचारसंहिता लागली. मिळाले साडेतीन महिने. त्यातला बराच वेळ शिक्षण खात्याने खाल्ला : शाळांमध्ये पंजाबी सक्तीचा कायदा कडक करणारी दुरुस्ती, दिल्लीचे शिक्षणमंत्री मनीष सिसोदिया यांच्याशी ‘कोणाच्या शाळा चांगल्या’ हा वाद आणि जालंधरमधील त्यांच्या घरासमोर ठाण मांडून बसलेले, टीईटी उत्तीर्ण होऊनही बेरोजगार असलेले शिक्षक. ज्या खात्यासाठी आयुष्यभराची तयारी होती, त्याच्या वाट्याला काय उरले असेल? एखाद्या मैदानाची निविदा काढून कार्यादेश द्यायलाही एवढा काळ अपुरा पडतो.

२०२२ मध्ये मतदारांनी काय केले?

‘आप’ने ११७ पैकी ९२ जागा जिंकल्या, काँग्रेस १८ वर आली. त्या १८ मध्ये जालंधर कॅन्टोन्मेंट होते. ‘आप’ने इथे परगट सिंग यांच्यासमोर सुरिंदरसिंग सोढी यांना उतरवले होते. हे सोढी म्हणजे १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये भारताला सुवर्ण मिळवून देणाऱ्या हॉकी संघातले. हेही पोलीस अधिकारी राहिलेले. फरक सुमारे ५,८०० मतांचा. म्हणजे नाव, पदक आणि खाकी वर्दी दोन्हीकडे होती. मतदारांनी निवड केली ती दहा वर्षे आमदार असलेल्या माणसाची.

परगट सिंग विरोधी बाकांवर गेले आणि क्रीडा खाते नव्या सरकारकडे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘हॉकी इंडिया’च्या अध्यक्षपदी दिलीप तिर्की बिनविरोध निवडून आले. तेही भारताचे माजी कर्णधार, आणि राज्यसभेचे माजी खासदार.