नाताळची घोंगडी आणि मुकादमाची उचल

नाताळ जवळ आला, की गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांत घोंगड्या, धान्य आणि कपडे वाटण्याची लगबग सुरू होते. त्यामागील भावनेला नावे ठेवण्याचे कारण नाही. थंडीत कुडकुडणाऱ्याला घोंगडी हवीच असते. प्रश्न एवढाच, की घोंगडी घेणाऱ्यांची रांग वर्षानुवर्षे तीच का? रांगेतल्या माणसावर कोणाचे किती देणे आहे, त्याची मुले कोणत्या महिन्यात शाळेतून दिसेनाशी होतात, हे वाटणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

महाराष्ट्रातील मंडळ्यांना हे दारिद्र्य परके नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कित्येक मंडळ्या उभ्या राहिल्या त्या गावकुसाबाहेरच्या माणसांतून. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात समाविष्ट झाले, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. तेव्हा गरिबांची सेवा म्हणजे दूरच्या कोणा दुर्दैवी जिवांवरचा उपकार नव्हे. उपासनेला शेजारी बसणाऱ्या माणसाचाच तो प्रश्न आहे.

या कामाचा धडा घेण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. सावकारी पाशात अडकलेल्या वसईच्या शेतकऱ्यांसाठी मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली सहकारी पतसंस्था काढली. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक म्हणून नावारूपाला आली. अशा संस्थेला लागणारी पहिली गोष्ट भांडवल नसून विश्वास असते. कोण कष्टाळू आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा शब्द खरा, हे दर रविवारी एकत्र येणाऱ्या माणसांना जितके कळते तितके कोणत्याही बँकेच्या अधिकाऱ्याला कळत नाही. हे ज्ञान आपल्या मंडळ्या बहुधा कुजबुजीत खर्च करतात, ही गोष्ट वेगळी!

नगर आणि बीडकडचे ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड घेऊन कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि त्या कोयत्याचा हंगाम उचलीपायी आधीच बांधला गेलेला. मुले फडावर जातात, शाळा सुटते. पावसाळ्यातच दवाखान्याला, बी-बियाण्याला लागणारी थोडी रक्कम वाजवी व्याजाने मंडळीच्या पतसंस्थेतून मिळाली, तर मुकादमापुढे हात पसरण्याची वेळ निदान काहींवर तरी येणार नाही. ज्यांना जावेच लागेल त्यांच्या मुलांची सहा महिने गावातच जेवणाची आणि झोपण्याची सोय करणे तर बहुतेक मंडळ्यांच्या आवाक्यातले आहे. मिशनच्या आवारातल्या खोल्या नाहीतरी कुलूपबंदच असतात.

मात्र ही सोय सर्व गावासाठी असली पाहिजे. १८७६-७८ च्या दुष्काळात मिशनऱ्यांनी वाटलेल्या धान्यामागे धर्मांतराचा हेतू पाहिला गेला, आणि तो संशय आजही पुरता विरलेला नाही. त्यावर भाषणांनी उत्तर देता येत नाही. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने दिलेले उत्तर पाहावे. दलित वस्त्यांत कूपनलिका घेतल्या गेल्या आणि सवर्णांना पाण्यासाठी तेथे यावे लागले. अक्षरओळखही नसलेल्या गावच्या बायका आरोग्यसेविका झाल्या. कोणाचा धर्म विचारला गेला नाही. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते काम एखाद्या मंडळीचे नव्हते हे खरे, परंतु गावातील सर्वांत मागे राहिलेल्यांपासून सुरुवात करण्याची रीत कोणत्याही मंडळीला उचलता येईल.

पैसा कोठून येणार, असे विचारले जाईल. चर्चच्या जमिनी आणि इमारतींच्या मालकीवरून चालणाऱ्या दाव्यांत वकिलांना दिला जाणारा पैसा मंडळ्यांचाच आहे. त्यातील थोडा जरी वाचला, तरी येत्या पावसाळ्यात पाच कुटुंबांना कर्ज देता येईल. त्याचा हिशेब चर्चच्या दारावर लावावा, म्हणजे घेणाऱ्याइतकीच देणाऱ्याचीही पारख गावाला होईल.