जॅझसंगीत आणि विद्यापीठाची मोहोर

जॅझ हें विद्यापीठांत शिकविण्याजोगें संगीत आहे काय, असा प्रश्न अमेरिकेंत एके काळीं मोठ्या तिरस्कारानें विचारला जाई. आज तेथील अनेक विद्यापीठें या विषयाची पदवी देतात. न्यूयॉर्कच्या ज्यूलियर्डसारख्या अभिजात संगीताच्या बालेकिल्ल्यानेंही २००१ सालीं त्याला आपलें दार उघडलें. या विजयाचे नगारे वाजत असतां थोडा विरोधी सूर काढणें आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम एका लोकप्रिय मताचा समाचार घेऊं. कित्येक रसिक म्हणतात, जॅझ शिकवितां येत नाहीं. तें रक्तांतच असावें लागतें. हें मत दिसावयास गौरवाचें, पण वस्तुतः अपमानाचें आहे. १९३६ सालीं कॅन्सस सिटींतील एका बैठकींत कोवळ्या वयाचा चार्ली पार्कर इतका चुकला कीं, ड्रमवादक जो जोन्स यानें झांज जमिनीवर फेंकून त्याला थांबविलें. पुढच्याच उन्हाळ्यांत ओझार्कच्या डोंगराळ मुलुखांत नोकरीवर असतां पार्करनें लेस्टर यंगच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून त्यांतील वादन बोटांत मुरविलें. ही विद्या रक्तानें आली नाहीं, मेहनतीनें आली. तिला 'उपजत' म्हणणें म्हणजे कलावंताच्या बुद्धीचें श्रेय हिरावून घेणें होय.

तेव्हां जॅझ शिकवितां येतें, याबद्दल आमचा वाद नाहीं. वाद आहे तो कोणाला आणि काय शिकविलें, यासंबंधीं. टेक्सासमधील डेंटन येथील सरकारी कॉलेजानें १९४७ सालीं या विषयाची पदवी प्रथम सुरू केली, तेव्हां 'जॅझ' हा शब्द उच्चारण्याचेंही धैर्य त्याला झालें नाहीं. पदवीस नांव दिलें नृत्याच्या वाद्यवृंदाचें. पण नांवापेक्षां गंभीर गोष्ट निराळीच आहे. त्या कॉलेजाच्या पदवीवर्गांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांस प्रवेशच नव्हता. तो १९५६ सालीं मिळाला. ज्यांच्या वस्त्यांत आणि प्रार्थनामंदिरांत हें संगीत वाढलें, त्यांचींच मुलें नऊ वर्षें दाराबाहेर! विहीर खणणारासच पाणी नाकारण्याची ही रीत आमच्या वाचकांस अपरिचित नसावी.

आतां अभ्यासक्रमाकडे वळूं. परीक्षेला गुण हवेत आणि गुणांना मोजमाप हवें. कोणत्या स्वरसंघावर कोणती स्वरमाला चालते, हें फळ्यावर लिहितां येतें. म्हणून तोच बहुतेक ठिकाणीं शिक्षणाचा कणा होऊन बसला. परंतु १९४० नंतर हार्लेममधील मिंटन्स या लहानशा क्लबांत, थेलोनियस मंक पियानोवर असतां, नवें जॅझ घडलें तें फळ्यावर घडलें नाहीं. दुसऱ्याच्या वाक्याला आयत्या वेळीं उत्तर देणें, केव्हां गप्प बसावें हें ओळखणें, ऐकणाराचें पाऊल ठेक्यावर धरून ठेवणें, या गोष्टींना शेंकडा किती गुण द्यावयाचे?

आमच्याकडेही हा वाद जुनाच आहे. पलुस्करांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. १९२६ सालीं लखनौस संगीताचें कॉलेज निघालें, तें भातखंड्यांच्या खटपटीमुळें. गाणें सभ्य घरांत आलें हें त्यांचें ऋण कोण नाकारील? पण स्वरलिपि पाठ झाली म्हणजे मैफल साधली, असें त्यांचे अभिमानीही म्हणणार नाहींत.

मग हे वर्ग बंद करावेत काय? मुळींच नाहीं. ड्रमवादक मॅक्स रोच १९७२ पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांत शिकवूं लागला; जिची विद्या वाद्यवृंदांत पिकली ती मेरी लू विल्यम्स १९७७ पासून १९८१ सालीं मृत्यु येईपर्यंत ड्यूक विद्यापीठांत शिकवीत होती. दोष विद्यापीठाच्या भिंतींत नाहीं, हेंच यावरून सिद्ध होतें. आमची मागणी इतकीच: रंगमंचावर आयुष्य घालविलेल्यांस, पदवी न पाहतां, अध्यापकाची खुर्ची द्यावी, अंतिम परीक्षा कागदाऐवजीं श्रोत्यांसमोर व्हावी, आणि ज्या लोकांनीं हें संगीत निर्माण केलें त्यांचा इतिहास, त्यांत बंद दारांचाही इतिहास, प्रत्येकास सक्तीनें शिकवावा. हें होईल तर विद्यापीठाच्या मोहोरेस कांहीं मोल येईल. नाहीं तर पार्करसारखा एखादा मुलगा आजही प्रवेशपरीक्षेंत नापास होईल आणि त्याचेंच वादन उतरवून काढणारे पदवीधर होतील.