स्नेहसंमेलनाची पंगत आणि आपण

मार्गशीर्ष-पौषात अहिल्यानगर जिल्ह्यातील शाळांतून वार्षिक स्नेहसंमेलनांची लगबग सुरू होते. नृत्याच्या तालमी महिनाभर चालतात. जेवणाचा विचार मात्र शेवटच्या आठवड्यात, आचाऱ्याला निरोप देण्यापुरता होतो. पुरी, पनीर, मंचुरियन, पुलाव आणि फ्रूट सॅलड हा बेत आता खेडोपाडीही दिसतो. त्याचा विचार करणे हे वैद्यांचे काम आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमचा आक्षेप पक्वान्नाला नाही. हेमंतात अग्नी प्रबल असतो. तूप, तीळ, गूळ या काळात मुलांना मानवतात. आक्षेप आहे तो इतर गोष्टींना. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या प्रथम अध्यायात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता अशी आहारविधीची आठ आयतने सांगितली. आपले बेत ठरतात ते केवळ रुचीवर.

संयोग पाहावा, तर दूध आणि आंबट फळे एकत्र करणारे फ्रूट सॅलड विरुद्धाहाराचे ठळक उदाहरण ठरते. काल पाहावा, तर दुपारी शिजलेला भात रात्री नऊ वाजता वाढला जातो. आधुनिक शास्त्रानुसार शिजलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या खाली बराच वेळ राहिले, की भातात बॅसिलस सेरियस हे जंतू वाढतात आणि त्यांचे एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. अन्न उष्ण असावे, या आपल्या दंडकाचे महत्त्व येथे पटते.

उपयोक्ता तर नाचणारे मूल आहे. अजीर्ण असताना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, आणि भरल्या पोटी केलेले नृत्य अजीर्णालाच निमंत्रण देते. उलट, दुपारपासून रंगभूषा करून उपाशी बसलेले मूल रंगमंचावर घेरी येऊन पडू शकते. म्हणून नृत्यापूर्वी दीड-दोन तास राजगिऱ्याचा लाडू किंवा केळे, आणि जेवण नृत्यानंतर, थोड्या विश्रांतीने द्यावे.

बेतासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बाजरीची भाकरी, आमटी, वालाची उसळ, पंगतीच्या वेळी उतरवलेला भात, वर तूप आणि गूळपोळी, हे जेवण या मातीचे व या ऋतूचे आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे देशी वाण जपले; ते शाळेच्या ताटात यावेत. शेकडो मुलांना भाकरी कशी पुरवणार, असा प्रश्न येईल. सराला बेटाच्या सप्ताहात आमटी-भाकरीच्या प्रचंड पंगती उठतात. घरोघर भाकरी थापल्या, तर शाळेचे गावही हे करू शकते. तीळ-शेंगदाण्याचे वावडे कोणाला आहे, हे पालकांना आधी विचारावे, एवढे पथ्य मात्र पाळावे.

औषधालयांच्या मालकांनाही आमचे एक सांगणे आहे. काही ठिकाणी संमेलनाला देणगी देऊन फलक लावले जातात आणि पंगतीनंतर पाचक गोळ्यांची पाकिटे वाटली जातात. आधी विरुद्धान्न वाढायचे आणि मग पाचक द्यायचे, यात आयुर्वेदाचा प्रचार होत नाही; त्याची थट्टा होते. सन २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी चरबी, मीठ व साखर अधिक असलेल्या पदार्थांची विक्री शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत विद्यार्थ्यांना करण्यास मनाई केली आहे. पंगतीतले जेवण विकले जात नाही हे खरे. पण जे फाटकाबाहेर विकू नये ते फाटकाच्या आत फुकट वाढावे, हेही शोभत नाही. तीच देणगी चांगले तूप, सेंद्रिय गूळ आणि झाकणाची मोठी भांडी यांसाठी द्यावी.

गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नगरात आयुर्वेदाला मान आहे, तो केवळ रोगाच्या चिकित्सेमुळे नव्हे. यंदा प्रत्येक वैद्याने आपल्या परिसरातील एक शाळा निवडावी, संमेलनाच्या महिनाभर आधी मुख्याध्यापक व आचारी यांच्यासमवेत बसावे आणि जेवणाची वेळ, पदार्थ व प्रमाण यांचा एक पानी तक्ता करून द्यावा. स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे. त्याची सुरुवात मुलांच्या पानापासून व्हावी.